पाठीवरचा संसार – भाग ७ : डबा गार का पडतो?

डिसेंबरची पहाट, हरिश्चंद्रगड. कोकणकड्यावरून वर येणारा वारा हाडांत शिरतोय आणि तंबूबाहेर चहाचं आधण ठेवलंय. सुरुवातीला जोरात भणभणणारी ज्योत पाच-सात मिनिटांत मलूल होते. गॅस संपला, असं कुणीतरी जाहीर करतं. पण डबा शेगडीवरून काढून कानाशी हलवला, तर आत द्रव डुचमळताना ऐकू येतो. डब्याचा पत्रा हाताला झोंबेल इतका गार असतो आणि त्यावर दव साठलेलं असतं.

थंडीतल्या भटकंतीत हा प्रसंग हमखास घडतो. कॅम्पिंगची गॅस शेगडी निवडताना आणि वापरताना जे कळायला हवं, त्यातलं बरंचसं या गार डब्यात दडलेलं आहे.

डब्यात दाबाखाली भरलेला द्रव असतो. नॉब फिरवला की तो उकळू लागतो आणि त्याची वाफ बर्नरकडे जाते. उकळायला उष्णता लागते. ती द्रव स्वतःतून आणि डब्याच्या पत्र्यातून ओढून घेतो, म्हणून डबा गार पडत जातो. माठातलं पाणीही याच कारणानं गार होतं. आता प्रश्न येतो तो डब्यात नेमकं काय आहे याचा. ब्युटेन उणे ०.५ अंश सेल्सिअसला उकळतो. बाहेर पाच-सहा अंश तापमान असलं, तरी जळता जळता डबा आतून शून्याजवळ पोचतो आणि ब्युटेनची वाफ होणं जवळजवळ थांबतं. आयसोब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे ११.७ अंश आहे, प्रोपेनचा तर उणे ४२.

म्हणून दुकानात शेगडीच्या रंगरूपाआधी डब्यावरची बारीक अक्षरं वाचावीत. उन्हाळ्यात सह्याद्रीत फिरायचं असेल, तर नुसता ब्युटेन पुरतो. हिवाळ्यात घाटमाथ्यावर किंवा हिमालयात जायचं असेल, तर आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असलेलाच डबा घ्यावा. मग निव्वळ प्रोपेनच का भरत नाहीत? वीस अंशाला प्रोपेनचा दाब हवेच्या दाबाच्या आठपटीहून अधिक असतो, ब्युटेनचा जेमतेम दुप्पट. प्रोपेन कोंडायला जाड पोलादी सिलिंडर लागतो, आणि तो पाठीवर घेऊन कुणी गड चढणार नाही.

गार पडलेला डबा कोमट पाण्याच्या ताटलीत ठेवला की ज्योत पुन्हा उभी राहते. रात्री तो स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवला, तर सकाळचा चहा अडत नाही. उकळतं पाणी मात्र डब्यावर कधीही ओतू नये आणि मेणबत्तीनं किंवा लायटरनं त्याला शेक देऊ नये. डबा ५० अंशांच्या वर तापू देऊ नका, ही त्यावर छापलेली सूचना शब्दशः पाळायची असते.

गॅसच्या आधी हे काम रॉकेलचा स्टो करत असे. १८९२ मध्ये स्टॉकहोमच्या फ्रान्स लिंडक्विस्टनं बनवलेला प्रायमस १९११ मध्ये आमुंडसेनबरोबर दक्षिण ध्रुवावर गेला आणि १९५३ मध्ये हिलरी-तेनसिंग यांच्याबरोबर एव्हरेस्टवर. पंप मारणं, पिन घालणं आणि भपका उडाला की मागे सरणं, ही आधीच्या पिढीतल्या मराठी घरांची रोजची कवायत होती. त्या स्टोनं माणसाला सतत सावध ठेवलं. गॅस शेगडी एका टिचकीत पेटते, आणि तिच्याबाबत बेफिकिरी येते ती इथूनच.

बाजारात प्रामुख्यानं तीन प्रकार दिसतात. पहिली, बुटक्या डब्यावर आट्यांनी बसणारी मूठभर शेगडी. ती हलकी आणि स्वस्त असते, एकट्यादुकट्याला उत्तम. पण टोप मोठा झाला की तिचा तोल जातो. दुसऱ्या प्रकारात शेगडी जमिनीवर पाय पसरून बसते आणि डबा नळीनं जोडून बाजूला राहतो. चार-पाच जणांची खिचडी शिजवायची असेल, तर थोडं वजन वाढलं तरी हीच घ्यावी. तिसरी म्हणजे प्लास्टिकच्या पेटीत मिळणारी चपटी शेगडी. तिच्या कुशीत स्प्रेसारखा लांबट ब्युटेनचा डबा आडवा बसतो. पवना धरणाच्या काठावरच्या तंबूंपासून घरच्या गच्चीपर्यंत ती सगळीकडे दिसते, आणि सर्वांत जास्त चुकाही तिच्याच बाबतीत होतात.

या लांबट डब्याच्या तोंडाशी एक खाच असते. डबा बसवताना ती वरच्या बाजूला, शेगडीतल्या खुणेशी जुळायला हवी. आतली नळी तेव्हाच द्रवाच्या वर राहते आणि फक्त वाफ ओढते. खाच खाली गेली तर द्रवच बर्नरमध्ये येतो आणि ज्वाळा हातभर उसळते. चांगल्या शेगडीत दाब प्रमाणाबाहेर वाढला की डबा आपोआप सुटून गॅस बंद होण्याची सोय असते. विकत घेताना ती आहे का, हे विचारून घ्यावं. पण एखादा रुंद तवा किंवा परातीएवढं भांडं डब्याच्या झाकणावर सरकलं, तर त्याची आच थेट डब्यावर उतरते. दोन शेगड्या शेजारी लावून वर एकच मोठा तवा ठेवणं तर फारच धोक्याचं. त्या पत्र्याखाली कोंडलेली उष्णता दोन्ही डबे तापवते. वाऱ्याला आडोसा म्हणून आट्यांच्या शेगडीभोवती फॉइलचं कडं गुंडाळणाऱ्यांकडूनही हीच चूक होते. आडोसा फक्त वाऱ्याच्या बाजूला, डब्यापासून दूर उभारावा. सॅक किंवा कातळ चालतो. अधूनमधून डब्याला हात लावून पाहावा. तो गार असेल तर सगळं ठीक आहे. गरम लागला की शेगडी ताबडतोब बंद करावी.

डबे पुन्हा भरून घेण्याबद्दल तर स्पष्ट बोलायलाच हवं. रिकामा डबा अडॅप्टर लावून घरच्या सिलिंडरमधून भरता येतो, असं दाखवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. घरच्या गॅसमध्ये ब्युटेनबरोबर प्रोपेन असतो, आणि हा पातळ पत्रा प्रोपेनच्या दाबासाठी बनवलेलाच नसतो. एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस घेणं कायद्यानंही निषिद्ध आहे. गल्लीबोळांत किलोवर गॅस भरून मिळणारे छोटे सिलिंडरही याच कारणासाठी टाळावेत. गाडीनंच जायचं असेल, तर अधिकृत पाच किलोचा सिलिंडर हा सरळ मार्ग आहे. इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२० मध्ये त्याला 'छोटू' हे नाव दिलं, आणि तो घ्यायला पत्त्याचा पुरावा लागत नाही.

आता तंबूच्या आतलं. पावसाळी रात्री बाहेर धो धो कोसळत असताना शेगडी आत घ्यायचा मोह अनावर होतो. नायलॉन वितळतं हे सगळ्यांना माहीत असतं. त्याहून मोठा धोका दिसतच नाही. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. अमेरिकी ॲडमिरल रिचर्ड बर्ड १९३४ चा हिवाळा अंटार्क्टिकात बर्फाखालच्या झोपडीत एकटा राहिला. शेगडी आणि जनरेटरच्या धुरातल्या या वायूनं तो मरणाच्या दारात पोचला होता. ऑगस्टमध्ये सहकारी येऊन पोचले म्हणून वाचला. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथं केरळचे आठ पर्यटक एकाच खोलीत गुदमरून गेले. त्यांत चार मुलं होती. थंडी म्हणून दारं-खिडक्या लावून गॅसचा हीटर चालू ठेवला होता.

डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही या विषबाधेची लक्षणं. उंचीवर ती विरळ हवेच्या त्रासासारखीच वाटतात, म्हणून आजारी माणसाला बंद तंबूत आणखी ऊब दिली जाते. हे अजिबात करू नये. आधी त्याला मोकळ्या हवेत आणावं. शिवाय डब्यातला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो तंबूच्या तळाशी, नेमका झोपलेल्यांच्या नाकाशी साचतो. त्यासाठी डबा नेहमी बाहेर, मोकळ्यावर जोडावा. आधी वायसर तडकलेला नाही ना ते पाहावं आणि सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते तपासावं.

प्रवासात गॅस सोबत न नेण्याचा नियम अनेकांना अडचणीचा वाटतो, पण त्यामागे माणसांचे जीव गेलेले आहेत. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकात उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्याला आग लागून नऊ जण मरण पावले. आत लपवून आणलेल्या गॅस सिलिंडरवर चहा करणं सुरू होतं. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ नुसार असा धोकादायक माल नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कसारा लोकल पकडणाऱ्या ट्रेकरलाही हा कायदा तितकाच लागू आहे. विमानात तर गॅसचा डबा हातातल्या बॅगेत चालत नाही आणि सामानातही नाही. लेह-मनालीच्या दुकानांत डबे मिळतात, तिथेच घ्यावेत.

किती घ्यावेत, याचं गणित सोपं आहे. एक लिटर पाणी उकळायला, निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं, तर साधारण १५ ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे २३० ग्रॅमच्या डब्यात पंधरा लिटरच्या आसपास. वारा असला की हा आकडा झपाट्यानं घसरतो, झाकण ठेवलं की सुधारतो. हिमालयात ४,००० मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आतच उकळतं आणि डाळ शिजता शिजत नाही, तेव्हा तिथे छोटा कुकर न्यावा किंवा डाळीचा नाद सोडावा. फेब्रुवारीनंतर सह्याद्रीतलं गवत वाळलेलं असतं. शेगडी उघड्या कातळावरच मांडावी आणि भरलेली पाण्याची बाटली हाताशी असावी. एका ठिणगीनं डोंगरच्या डोंगर वणव्यात गेलेले दिसतात.

घरी परतल्यावर डबा शेगडीपासून वेगळा करावा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवावा आणि आलेलं वजन मार्करनं त्याच्या बुडाशी लिहून ठेवावं. नवा डबा आणल्या आणल्या त्याचंही वजन लिहिलेलं असेल, तर पुढच्या गडावर किती कप चहा होणार, ते निघायच्या आदल्या रात्रीच कळतं.