परमुलखातली तूर

लातूरच्या मोंढ्यात आडतीवर बसलं की तुरीची नावं कानावर पडत राहतात. पांढरी, लाल, मारुती. आणि त्याच दमात लेमन, मटवारा, गजरी. लेमन ब्रह्मदेशाची. मटवारा हे टांझानियातल्या म्त्वारा गावाचं आपल्या तोंडी रुळलेलं रूप. गजरी मोझांबिकची. कॉलेजात असताना मला वाटायचं, गजरी ही कंधार-लोह्याकडची एखादी गावठी तूर असावी. ती समुद्रापलीकडून येते हे कळलं, त्या दिवसापासून हा विषय माझ्या मानगुटीवर बसला तो उतरलेला नाही.

अन्नासाठी परक्या देशात जमिनी घेण्याची 2008 नंतरची लाट वाचकांना ठाऊक आहे. कोरियाच्या देवू कंपनीने मादागास्करमध्ये 13 लाख हेक्टर जमीन 99 वर्षांसाठी मागितली, लोक खवळले, मार्च 2009 मध्ये तिथला राष्ट्राध्यक्ष पायउतार झाला आणि सौदाही मोडला. अशा गोष्टी सांगताना आपण कोरिया, चीन, आखाती देश यांच्याकडे बोट दाखवतो. आपलंही नाव त्या यादीत आहे, हे मला दोन कागदांनी शिकवलं.

पहिला कागद डिसेंबर 2010 चा. शेती उत्पादनावर केंद्राने नेमलेल्या आणि हरियाणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री भूपिंदरसिंग हुडा यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाचा तो अहवाल. त्यात सुचवलंय की डाळी आणि तेलबियांसाठी भारतीय कंपन्यांना परदेशात जमिनी घ्यायला उत्तेजन द्यावं. आकडेही आहेत: किमान 20 लाख टन डाळी, 50 लाख टन खाद्यतेल, 15 ते 20 वर्षं. डाळी आणि तेलबिया म्हणजे तूर, हरभरा, सोयाबीन, करडई. म्हणजे लातूर आणि नांदेड. ज्या पिकांवर आमचे जिल्हे उभे आहेत, नेमकी तीच पिकं परमुलखात नेऊन पिकवायची ही शिफारस, आणि तिच्यावर मराठवाड्यात चर्चा झाल्याचं मी कधी ऐकलं नाही.

दुसरा कागद त्याच वर्षाचा एक भाडेकरार, आणि तो मी कितीदा वाचला असेल! बंगळुरूच्या करुतुरी ग्लोबल या गुलाबाच्या कंपनीने इथिओपियाच्या गाम्बेला प्रांतात 1 लाख हेक्टर जमीन 50 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली, पुढे आणखी 2 लाख हेक्टरची आशा ठेवून. भाडं हेक्टरी वर्षाला 20 बिर्र. तेव्हाच्या हिशेबाने शंभर रुपयांच्याही आत. पण मला भाड्यापेक्षा दोन कलमांनी धरून ठेवलं. एक असं की, सरकार जमीन रिकामी करून, कसलीही अडकाठी न ठेवता ताब्यात देईल. दुसरं असं की, दंगा किंवा गडबड झाली तर कंपनी म्हणेल तेव्हा सरकार फुकट बंदोबस्त पुरवेल. नांगर जमिनीला लागण्याआधीच बंदोबस्ताचं कलम लिहावं लागतं, तेव्हा लिहिणाऱ्याला पुरतं ठाऊक असतं की जमीन रिकामी नाही.

ती नव्हतीच. तिथे अनुआक आणि नुएर लोक राहतात. थोडं पेरायचं, जमीन पड ठेवायची, गुरं चारायची, नदीत मासे धरायचे, अशी त्यांची पद्धत. सातबाऱ्यासारखा कागद त्यांच्याकडे नाही. ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटलं की, गाम्बेलातल्या सुमारे 70,000 लोकांना जबरदस्तीने नव्या वस्त्यांत हलवलं जात होतं. हे जमिनीच्या पट्ट्यांसाठी नाही, शाळा-दवाखान्यांच्या सोयीसाठी आहे, असं तिथलं सरकार सांगत राहिलं.

मराठवाड्यातल्या माणसाला हे परकं वाटू नये. आपल्याकडे अशा जमिनीला गायरान म्हणतात. तहसीलच्या दप्तरात पडीक, गावाच्या लेखी गुरांची, आणि प्रत्यक्षात तिथे भूमिहीन दलित कुटुंब दगड वेचून ज्वारी पेरत असतं. दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह, नंतर एकनाथ आवाडांनी बीडकडे उभी केलेली गायरान चळवळ, सगळं त्या 'पडीक' शब्दाशीच भांडण होतं. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासननिर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची अशी वहिवाट नियमित करायचं ठरलं. तरीही कित्येकांचं नाव अजून सातबाऱ्यावर लागलेलं नाही. गाम्बेलातल्या माणसाची बाजू समजायला मला पुस्तकं लागली नाहीत. माझ्या गावाच्या माळावर जाऊन उभं राहणं पुरलं.

आणखी एक गोष्ट मला बोचते. मराठवाड्यात अजूनही 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा चालतो. जो शेतकरी नाही त्याला परवानगीवाचून आमच्याकडे शेतजमीन घेता येत नाही, मग तो मुंबईचा कितीही मोठा व्यापारी असो. परदेशी नागरिकाला तर नाहीच, पण अनिवासी भारतीयालासुद्धा शेतजमीन विकत घेता येत नाही. कायदा योग्यच आहे; जमीन ज्याची पोटाची आहे त्याच्या हातून ती पैशाच्या जोरावर जाऊ नये, एवढंच तो म्हणतो. मग जे आमच्या औशात चालणार नाही ते गाम्बेलात चालावं, हे कोणत्या न्यायाने? भारतातल्या भुकेचं कारण पुढे केलं जातं. पण हेक्टरी 20 बिर्रमध्ये भूक भागवायची असेल, तर तिची किंमत दुसरं कोणीतरी भरतं आहे. करुतुरीचं पुढे फसलं. 2011 च्या पुरात मका वाहून गेला, आणि जेमतेम 1,200 हेक्टर कसल्यावर डिसेंबर 2015 मध्ये पट्टा रद्द झाला.

तोवर दिल्लीची वाट बदलली होती. जमीन नको, पीकच बांधून घेऊ. ऑक्टोबर 2015 मध्ये तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली होती. इकडे दुष्काळात, 12 एप्रिल 2016 ला, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला लागली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 5 जुलैला, केंद्रीय मंत्रिमंडळाने मोझांबिकशी डाळींचा करार मंजूर केला: पहिल्या वर्षी 1 लाख टन, वाढत वाढत 2020-21 मध्ये 2 लाख टन. दोन दिवसांनी पंतप्रधान तिथल्या राजधानीत, मापुतोत होते.

तूर हे पावसावर येणारं पीक. सोयाबीनच्या ओळींत उभं राहतं, पान गाळून जमीन सुधारतं, मुळांतून नत्र देतं. मांजरा धरणाचं पाणी उसाला गेलं, धरण कोरडं पडलं, शहर रेल्वेच्या पाण्यावर आलं. आणि देशाच्या तुरीची सोय मोझांबिकच्या नाम्पुला-झाम्बेझियात शोधली गेली. मला हा करार गाम्बेलापेक्षा बरा वाटतो, कारण यात कोणाचं शेत काढून घेतलेलं नाही. मोझांबिकच्या राज्यघटनेप्रमाणे जमीन विकताच येत नाही, आणि 1997 च्या कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांचा हक्क कागदाशिवायही धरला जातो. पण जमीन न घेताही माणसाला बांधून ठेवता येतं. तिथे तुरीला फैजांव बोएर म्हणतात, शेजारच्या मलावीत नांदोलो. डाळ करून खायची रीत तिथे फारशी नाही. वाळलेली तूर बहुतेक भारतासाठीच पिकते. दुसरं मोठं गिऱ्हाईक नाही.

मग 2016-17 आलं. पाऊस चांगला झाला, भावाच्या आशेने सगळ्यांनी तूर पेरली, देशाचं उत्पादन 25.6 लाख टनांवरून 48.7 लाख टनांवर गेलं. हमीभाव बोनससह क्विंटलला 5,050 रुपये; मोंढ्यातला भाव त्याच्या कितीतरी खाली. 5 ऑगस्ट 2017 ला सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली. करारातली तूर त्यातून वगळली, पण मोझांबिकमध्ये पेरा कराराच्या आकड्यापेक्षा कितीतरी वाढलेला होता. तिथे भाव कोसळले, मलावीतही कोसळले. आमच्या शेतकऱ्याला वाचवायला दार लावणं मला चुकीचं वाटत नाही. चूक आधीची आहे. दिल्लीने दोन्हीकडच्या शेतकऱ्याला एकाच वेळी पेरायला सांगितलं आणि पडत्या भावाचा भार दोघांवरच सोडला.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या चुलत्यांची तूर खरेदी केंद्राबाहेर नऊ दिवस ट्रॅक्टरवर होती. बारदाना संपला होता. मी डबा घेऊन गेलो तेव्हा ते ट्रॉलीखाली सावलीला पडले होते. मी त्यांना मोझांबिकचं सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले.

"तिकडं बी बारदानाच संपला का रं?" त्यांनी विचारलं.

"नाही तात्या. तिकडं केंद्राबाहेर उभं राहायला नंबरच नव्हता."

त्यांनी खिशातून आपल्या नंबराची चिठ्ठी काढली, घामाने भिजली होती ती उलगडून पाहिली, आणि पुन्हा घडी घालून ठेवली.