सगळ्यांसाठी एकच केक

मंडळी, आपल्याकडच्या वाढदिवसाच्या पार्टीत एक गोष्ट हमखास दिसते. मधोमध मोठा सजवलेला केक, आणि बाजूला भारतातून आलेल्या आजी-आजोबांसाठी बिनअंड्याचा वेगळा छोटा केक. ज्या नातवाला आजीने नुकतंच ओवाळलं, त्याच्याच केकचा घास तिला घेता येत नाही! म्हणून मदतनिधीच्या लिलावात केक ठेवायचे ठरले, तेव्हा आम्ही केक करणाऱ्या मैत्रिणींनी एक गोष्ट पक्की केली : केक चॉकलेटचा, दोन थरांचा, छान सजवलेला, पण अंड्याशिवाय.

बिनअंड्याचा म्हणजे तडजोड असं मात्र समजू नका. १९३० च्या दशकातली मंदी आणि नंतरचं महायुद्ध, या टंचाईच्या काळात अमेरिकेतल्या घराघरांत अंडी, दूध, लोणी न घालता चॉकलेट केक होत असे. त्याला ‘वॅकी केक’ म्हणतात. आमची कृती त्याच घराण्यातली.

साहित्य (९ इंची दोन गोल पॅनसाठी) : मैदा ३ कप, साखर २ कप, बिनसाखरेची कोको पावडर अर्धा कप, बेकिंग सोडा २ टीस्पून, मीठ १ टीस्पून, पाणी २ कप, तेल दोन तृतीयांश कप, पांढरं व्हिनेगर २ टेबलस्पून, व्हॅनिला २ टीस्पून.
लेपासाठी : सेमीस्वीट चॉकलेट चिप्स १६ औंस, हेवी व्हिपिंग क्रीम २ कप. नावासाठी मूठभर व्हाइट चॉकलेट चिप्स.

कृती : ओव्हन ३५० डिग्री फॅरनहाइटवर तापत ठेवा. पॅनना तेलाचा हात लावून तळाशी पार्चमेंट पेपर घाला. कोरडे जिन्नस एकत्र चाळून घ्या, ओले त्यात ओता आणि गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळा. जास्त घोटलं की मैद्याला चिवटपणा येतो. व्हिनेगर आणि सोडा एकत्र आले की लगेच वायूचे बुडबुडे सुटतात. अंड्याऐवजी केक फुलवायचं काम तेच करतात. म्हणून मिश्रण झाल्यावर फोनवर गप्पा नकोत, पॅन थेट ओव्हनमध्ये! साधारण ३० ते ३५ मिनिटांनी मधोमध टूथपिक खुपसून पाहा. कोरडी निघाली की झालं.

दहा मिनिटांनी केक पॅनमधून काढा आणि जाळीवर पूर्ण गार होऊ द्या. इथे घाई चालत नाही. कोमट केकवर लेप वितळून ओघळतो आणि वरचा थर घसरतो. शक्यतो आदल्या रात्री भाजून ठेवावा.

लेपासाठी क्रीम कडेने बुडबुडे येईपर्यंत तापवून चिप्सवर ओता. पाच मिनिटं हात लावू नका, मग मधून कडेकडे हलक्या हाताने ढवळा. गार होऊन श्रीखंडाइतकं दाट झालं की लावायला घ्या. दातेरी सुरीने थरांचे फुगलेले माथे सपाट करा. एका थरावर लेप पसरा, दुसरा थर उपडा ठेवा, म्हणजे वरची बाजू आपोआप सपाट येते. आता सगळीकडून अगदी पातळ हात फिरवा आणि २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. सुटे कण त्यात अडकून बसतात, आणि वरचा दुसरा जाड हात नितळ येतो.

सजावटीची भीती नको. रांगोळीचा आणि चकलीचा हात इथे कामी येतो. वितळलेलं व्हाइट चॉकलेट झिपलॉक पिशवीत भरा, कोपरा अगदी बारीक कापा आणि बाळाचं नाव देवनागरीत लिहा. आधी कागदावर मापात लिहून पाहा. केकवर शिरोरेघ पहिली ओढली, तर अक्षरं सरळ ओळीत येतात. इथे वाढणाऱ्या मुलांना आपलं नाव मराठीत, तेही चॉकलेटमध्ये वाचायला मिळतं!

दोन गोष्टी विसरू नका. मार्शमॅलोमध्ये सहसा जिलेटिन असतं, म्हणून सजावटीच्या सामानाची लेबलं वाचा. नाहीतर अंडं टाळूनही शाकाहारी पाहुण्यांना केक चालणार नाही. आणि केकसोबत जिन्नसांची यादी जरूर ठेवा. यात गहू आणि दूध आहेच, चिप्समध्ये बहुधा सोयही असतं. शेंगदाणा, बदाम, अक्रोड यांचा अंशसुद्धा काही मुलांच्या जिवावर बेतू शकतो. चिप्सच्या पाकिटावर तशी सूचना असेल, तर ती यादीत उतरवा.

क्रीम असल्यामुळे केक फ्रिजमध्ये ठेवा, कापण्याआधी तासभर बाहेर काढा. लिलावातला केक घ्याच, पण घरीही करून पाहा. आणि पहिला तुकडा आजीला द्या!