दाय की दायजा? एका शब्दात दडलेला लेकीचा हक्क

समजा, तुमचे माहेर जबलपूर जिल्ह्यातल्या शहपुऱ्याचे. वडील गेले. तेराव्यानंतर चारच दिवसांत भावाने कागद पुढे केला. "ताई, नामांतरणासाठी सही हवी, एवढी करून दे." कागद हिंदीत, वर ठळक अक्षरांत ‘हक त्याग पत्र’. महाराष्ट्रात यालाच आपण हक्कसोडपत्र म्हणतो. डोळे ओले असताना तो कोण वाचणार? भाऊ वाईट असतो असेही नाही. पण मग सोडला तो हक्क नेमका कोणता, हे तुम्हाला माहीत असायला हवे. त्याचे उत्तर ‘दाय’ या एका जुन्या शब्दात आहे.

‘दाय’ म्हणजे काय?

‘दाय’ हा शब्द ‘दा’ म्हणजे देणे या संस्कृत धातूपासून आला. जो दाय घेतो तो ‘दायाद’, आणि जन्मानेच एकत्र वाटेकरी असणारे ते ‘सहदायाद’. शहपुऱ्याच्या हिंदी कागदांत हाच शब्द ‘सहदायिक’ असा भेटेल. आपण रोज वापरतो तो ‘वारस’ मात्र अरबीतून आला. वारसा, विरासत आणि आपल्या गावगाड्यातली ‘मिरास’ ही सगळी त्याच अरबी कुळातली भावंडे.

‘दाय’ची व्याख्या केली विज्ञानेश्वराने. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (1076 ते 1126) याच्या कल्याण या राजधानीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणमध्ये, त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. केवळ मालकाशी असलेल्या नात्यामुळे जे धन दुसऱ्याचे होते, ते दाय, असे तो सांगतो. त्याचे दोन प्रकार. वडील-आजोबांच्या मालमत्तेत मुलाला जन्मतःच मिळतो तो ‘अप्रतिबंध दाय’. काका किंवा भाऊ निपुत्रिक वारल्यावरच मिळतो तो ‘सप्रतिबंध दाय’. बंगालमध्ये जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’ने जन्मतः हक्क मानलाच नाही. तिथे वडिलांच्या पश्चातच मुलांना हक्क मिळे.

कुटुंब हलले, कायदाही सोबत

नर्मदाकाठच्या मराठी कुटुंबांसाठी पुढची गोष्ट महत्त्वाची. जबलपूर 1781 मध्ये सागरच्या मराठी सुभेदारांकडे आणि 1798 मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. 1817 मध्ये इंग्रज आले. या भागात बनारसची परंपरा चाले. तिच्यात मुलीला वडिलांची मालमत्ता मिळालीच, तर ती फक्त हयातीपुरती. मुंबईच्या परंपरेत मात्र मुलगा आणि विधवा नसताना आलेली मालमत्ता मुलगी पूर्ण मालकीने घेई.

मग इकडे येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबाला कोणता नियम लागणार? बळवंतराव विरुद्ध बाजीराव या दाव्यात 1920 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तत्त्व सांगितले: स्थलांतर करणारे कुटुंब आपला व्यक्तिगत कायदा सोबत नेते, असेच आधी गृहीत धरायचे. भांडीकुंडी आणि देव्हाऱ्याबरोबर कायदाही गाडीत बसून येई, असेच म्हणा ना!

मुलाला दाय, मुलीला दायजा

आता याच शब्दाची दुसरी वाट पाहा. कोकणीत ‘दायज’ म्हणजे वारसा. हिंदीत मात्र ‘दायजा’ म्हणजे लग्नात लेकीबरोबर दिलेला हुंडा-आंदण. तुलसीदासांनी सीतेच्या लग्नात ‘दाइज’ हा शब्द याच अर्थाने वापरला आहे. शब्दाचे मूळ एकच, पण मुलाच्या वाट्याला जमीन आली आणि मुलीच्या वाट्याला भांडी, साड्या, दागिने. "तुझ्या लग्नात दिले ना सगळे?" हे वाक्य आजही घराघरांत ऐकू येते, ते या जुन्या वाटणीमुळेच.

आजचा कायदा काय म्हणतो?

1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने प्रांतोप्रांतीच्या परंपरांऐवजी एकच चौकट आणली. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या वाट्यात पत्नी, मुलगे, मुली आणि त्यांची आई यांना समान हिस्सा मिळतो. महाराष्ट्राने 1994 मध्ये अविवाहित मुलींना सहदायाद केले. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर प्रत्येक मुलगी, विवाहित असली तरी, जन्मतः सहदायाद ठरली. वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. विज्ञानेश्वराचा ‘अप्रतिबंध दाय’ अखेर लेकीपर्यंत पोहोचला.

दोन मर्यादाही ध्यानात ठेवा. 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेल्या नोंदणीकृत वाटण्या उकरून काढता येत नाहीत. आणि स्वकष्टाच्या मालमत्तेचे मृत्युपत्र वडील कोणाच्याही नावे करू शकतात.

सही करण्याआधी

• लग्नातला खर्च किंवा दागिने दिले म्हणून वारसाहक्क संपत नाही.

• नामांतरण, म्हणजे आपल्याकडचा फेरफार, ही महसुली नोंद आहे. त्याने मालकी ठरत नाही. नोंदीत भावाचे एकट्याचे नाव लागले, तरी तुमचा हिस्सा आपोआप जात नाही.

• हक त्याग पत्र मात्र वेगळे. उपपंजीयक कार्यालयात त्याची नोंदणी झाली, की हिस्सा खरोखरच जातो. म्हणून कागद घरी आणा, कोणाकडून तरी मराठीत समजून घ्या, खसरा क्रमांक ताडून पाहा आणि वकिलाला दाखवा.

मैत्रिणींनो, हे भावाशी भांडण्यासाठी नाही. सगळे समजून-उमजून हिस्सा सोडणे हाही तुमचाच अधिकार आहे. फक्त एवढे लक्षात असू द्या: जे आपले असते, तेच सोडता येते. हक्क सोडण्यासाठी तुमची सही मागितली जाते, याचाच अर्थ तो तुमचा आहे.