फ्लेकी टेस्ट: कोड तोच, मग निकाल वेगळा कसा?

तुमच्या फोनमधल्या अ‍ॅपचं अपडेट येतं, त्याआधी त्याची एक परीक्षा झालेली असते. इंजिनिअरने कोड बदलला की ऑटोमेटेड टेस्ट आपोआप चालतात. लॉगिन होतंय का, पैसे बरोबर कापले जातायत का, तिकीट दिसतंय का, हे सगळं तपासलं जातं. सगळं हिरवं आलं की अपडेट पुढे जातं, लाल आलं की थांबतं.

पण काही टेस्ट लहरी असतात. कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नसतं, तरी दुपारी पास आणि रात्री फेल! यांनाच फ्लेकी टेस्ट म्हणतात.

प्रत्येक फेल टेस्ट फ्लेकी असते का?

नाही. आमच्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. २०२३ मध्ये उस्मानाबादचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. समजा, एखाद्या अ‍ॅपने जिल्ह्यांच्या यादीत नवं नाव टाकलं, पण टेस्ट अजून ‘उस्मानाबाद’च शोधतेय. ती दर वेळी फेल होणार. कारण लगेच सापडतं आणि विषय संपतो.

फ्लेकी टेस्ट अशी सरळ नसते. पाच वेळा चालवली तर चार वेळा पास होते. मग टीममध्ये सवय लागते: ‘जाऊ दे, परत चालव.’ खरा धोका इथेच आहे. लाल दिव्याकडे दुर्लक्ष करायची सवय लागली की खरा बगही त्याच वाटेने तुमच्या फोनपर्यंत येतो. गूगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं, की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा आहे. म्हणजे हा प्रश्न फक्त छोट्या टीमचा नाही.

असं होतं कशामुळे?

१. चुकीचं थांबणं: टेस्टमध्ये लिहिलेलं असतं, ‘२ सेकंद थांब, मग बटण दाब.’ सर्व्हरला ३ सेकंद लागले की टेस्ट फेल. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी अपाचीच्या ओपन सोर्स प्रकल्पांमधल्या अशा दुरुस्त्या तपासल्या. त्यात सगळ्यांत मोठं कारण हेच निघालं. उपाय म्हणजे सेकंद मोजायचे नाहीत, बटण दिसेपर्यंत थांबायचं.

२. घड्याळ: भारताची वेळ यूटीसीपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे रात्री १२ ते पहाटे ५:३० पर्यंत आपल्याकडे नवी तारीख असते, पण यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर कालचीच. ‘आजची धाराशिव–पुणे बस’ शोधणारी टेस्ट दिवसभर पास होईल आणि रात्री १ वाजता फेल.

३. एकमेकांत गुंतलेल्या टेस्ट: पहिल्या टेस्टने लॉगिन केलं आणि लॉगआउट केलंच नाही. क्रम बदलला की दुसरी कोसळते. प्रत्येक टेस्टने आपली सुरुवात कोरी ठेवावी.

मग करायचं काय?

• परत चालवा, पण गुपचूप नको. पहिल्या फेलची वेळ, लॉग आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा.
• तीच टेस्ट एकटी ५० वेळा चालवा, मग बाकीच्यांसोबत, क्रम बदलून. एकटी कायम पास आणि घोळक्यात फेल होत असेल, तर संशय तिसऱ्या कारणावर.
• लगेच सुटत नसेल तर तिला वेगळ्या यादीत टाका, म्हणजे बाकीचं काम अडणार नाही. पण यादीत जबाबदार माणसाचं नाव आणि शेवटची तारीख हवीच, नाहीतर ती यादी म्हणजे अडगळीची खोली होते.
• टेस्ट काढून टाकण्याआधी एकदा विचारा: चूक टेस्टची आहे की अ‍ॅपची?

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वरची बसची टेस्ट पाहा. रात्री १ वाजता ती फेल होते, तेव्हा त्याच वेळी घाईत तिकीट काढणाऱ्या एखाद्या माणसालाही कालच्या बस दिसत असू शकतात. तिथे टेस्ट लहरी नाही. ती खरं बोलतेय, फक्त रात्रीच बोलतेय.