मोतीचे लाड



कुत्रा हा इमानी प्राणी आहे, हे आपण दरवर्षी निबंधात लिहितो. त्याला चार पाय आणि एक शेपूट असते, हेही लिहितो. पण त्याचे लाड किती करावेत, हे मी कोणत्याच निबंधात लिहिलं नव्हतं. ते मी चुकून चुकून शिकलो, आणि माझ्या चुकीची शिक्षा माझ्या लहान बहिणीला झाली. म्हणून हा लेख लिहीत आहे.

मागच्या पावसाळ्यात रोवणी चालू असताना आमच्या बांधीच्या धुऱ्यावर एक पिल्लू कुडकुडत बसलेलं दिसलं. मी त्याला पिशवीत घालून घरी आणलं आणि त्याचं नाव ठेवलं मोती. त्या दिवसापासून माझ्या ताटातला पहिला घास मोतीचा! चहात बुडवलेलं बिस्कीट त्याला, मंडईतून आणलेली जिलेबी त्याला, भातावरचं तूपही त्यालाच. आजी म्हणायची, "काहून रे, घरी पोराईले तूप पुरत नाई अन् कुत्र्याले वाटीभर?" मी म्हणायचो, "आजी, नामदेव महाराज नाही का तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागं धावले?" आजी गप्प बसायची. मला वाटायचं, मी जिंकलो.

मोती जेवताना माझ्याजवळ यायचा. घास द्यायला उशीर झाला की गुरगुरायचा. मला हसू यायचं आणि मी लगेच घास द्यायचो. पुढे गावात कुत्र्यांना पिसाळण्याविरुद्धची लस टोचणारे आले. सगळ्यांनी आपापले कुत्रे नेले. मोतीला सुई दुखेल म्हणून मी त्याला तणसीच्या ढिगामागं लपवलं आणि बाबांना सांगितलं, "मोती कुठं गेला कोण जाणे."

धान चुरण्याचे दिवस होते. घरचे सगळे खळ्यावर. मोती सपरीत भात खात होता आणि माझी बहीण खेळता खेळता त्याच्या वाडग्याजवळ गेली. तो गुरगुरला. तिला काय समजणार? तिने हात पुढे केला आणि मोतीने तो धरला. रक्त आलं.

शेजारच्या काकू हळद-तिखट घेऊन धावत आल्या. पण बाबांनी कोणाचं ऐकलं नाही. बोरिंगवर नेऊन साबण लावून पंधरा मिनिटं हात धुतला आणि तसेच तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "धुतलं हे फार चांगलं केलं." जखमेत एक औषध टोचलं आणि लस सुरू केली. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, दर वेळी दोन्ही दंडांत. मित्रांनो, हिशोब करा. मोतीची एक सुई मी चुकवली आणि बहिणीच्या दंडांवर आठ आल्या! शिवाय बाबांचे चार दिवस बुडाले ते वेगळेच. आजी सांगते, पूर्वी पोटात चौदा सुया घ्याव्या लागत. आता ती जुनी लस बंद झाली आहे.

पिसाळण्याच्या रोगाला रेबीज म्हणतात. त्याचे विषाणू रोगी जनावराच्या लाळेत असतात. चावल्यावर ते नसांतून मेंदूकडे जातात. एकदा लक्षणं दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही, पण त्याआधी लस घेतली तर वाचतो. फ्रान्सचे शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस देणं सुरू केलं आणि तो वाचला. तो आपल्याच वयाचा होता! पाश्चर यांची पुण्यतिथी २८ सप्टेंबर. तो दिवस जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात.

मोतीला दहा दिवस गोठ्यात बांधून त्याच्यावर लक्ष ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं. चावलेला कुत्रा दहा दिवस धडधाकट राहिला तर चावताना त्याला रेबीज नव्हता असं समजतात. पण म्हणून लसीसाठी दहा दिवस थांबायचं नसतं, लस त्याच दिवशी सुरू करायची. बाबा म्हणाले, "दहा दिवस झाले का याले जंगलात सोडून येतो." आमच्याकडं जंगलात बिबट आहे. मी रोज भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढायचो. घास गिळवत नव्हता.

शेवटी मी गुरुजींना सगळं खरं सांगितलं. तणसीमागं लपवल्याचंही. गुरुजी म्हणाले, "कुत्र्याला आपलं बोलणं फारसं समजत नाही. कशानंतर काय मिळालं, एवढं मात्र पक्कं समजतं. गुरगुरल्यावर घास मिळतो, हे तूच त्याला शिकवलंस." मग म्हणाले, "नामदेव महाराजांनी कुत्र्यातला देव पाहिला. तू तूप देत होतास ते मोती तुझ्याच मागं फिरावा म्हणून." हे मला लागलं, कारण ते खरं होतं.

दहाव्या दिवशी मोती ठणठणीत होता. बहीणच बाबांना म्हणाली, "नोका सोडू त्याले." बाबांनी त्याला ठेवलं, पण अटी घातल्या. त्या आता आमच्या घरी सगळेच पाळतात. तुमच्याकडं कुत्रा असेल तर तुम्हीही पाळा.

१) मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोन वेळा, ठरल्या वेळी, त्याच्याच वाडग्यात खायला द्यावं. आपल्या ताटातलं देऊ नये.

२) कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट कधीच देऊ नये, ते कुत्र्याला विषासारखं आहे. शिजलेली कोंबडीची हाडं चावताना फुटून टोकदार होतात, तीही नकोत. गोड आणि तूप रोज नको. पाणी मात्र नेहमी भरलेलं असावं.

३) त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवावा. त्या हाताला सहज लागल्या तर वजन बरोबर आहे. दाबूनही लागत नसतील तर लाड जास्त झाले! मोतीच्या लागत नव्हत्या, आता लागतात.

४) आधी "बस" म्हणावं. तो बसला की लगेच शाबासकी द्यावी आणि मग वाडगा ठेवावा. घरात एकाने हो आणि दुसऱ्याने नाही म्हणू नये.

५) कुत्रा खात असताना किंवा झोपला असताना लहान मुलांना जवळ जाऊ देऊ नये.

६) पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचावी. पुढच्या सुया जनावरांचे डॉक्टर सांगतील त्या तारखेला.

मग लाड करायचेच नाहीत का? खूप करावेत! रोज संध्याकाळी मी मोतीला तलावाच्या पाळीपर्यंत फिरवतो. त्याच्या अंगावरचे गोचीड काढतो, कानामागं खाजवतो. उन्हाळ्यात त्याला सावलीत बांधतो, कारण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो तेव्हाच थंड होतो. या लाडांना पैसा लागत नाही, वेळ लागतो. तुपाची वाटी देणं त्याहून सोपं होतं.

आता मोतीला लस टोचली आहे. टोचताना तो ओरडला, तेव्हा मीच त्याचं डोकं पोटाशी धरून बसलो होतो. त्याचं लसीचं कार्ड माझ्या दप्तरात आहे. ज्यांना बघायचं असेल त्यांनी मधल्या सुट्टीत मागावं. आणि पालकांनो, घरी गेल्यावर तुमच्या कुत्र्याचं कार्ड आहे का, तेवढं बघा.

— वर्ग सातवा