रद्दी विकण्याआधी ट्रंक तपासा

दिवाळीची झाडलोट निघाली, की माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते आणि तिच्यातले कागद रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. चार पैसे सुटले, याचाच आनंद! पण त्या गठ्ठ्यात बँकेची जुनी पासबुके, सोसायटीच्या पावत्या, मालकांनी सही केलेल्या आधार कार्डाच्या झेरॉक्स असे काय काय गेले, हे तुम्ही कधी पाहिलेत का? नाव, जन्मतारीख, खाते क्रमांक आणि सही एका जागी सापडली, की दुसऱ्याच्या नावाने सिमकार्ड घेणारे, कर्ज उचलणारे भामटे असतात. थकलेल्या हप्त्यांची नोटीस मात्र तुमच्या दारी येते.

याच भीतीपोटी अमेरिकेत एक चांगली रीत पडली आहे. ठरल्या दिवशी बँकेच्या किंवा चर्चच्या आवारात कागद फाडण्याचे यंत्र बसवलेला ट्रक उभा राहतो. लोक खोकी भरभरून जुने कागद आणतात आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा भुगा होतो. पुष्कळ ठिकाणी पैसे घेत नाहीत. त्याऐवजी गोरगरिबांसाठी डबाबंद अन्न किंवा खुशीची देणगी घेतात.

नुसत्या लांब पट्ट्या फाडून भागत नाही बरे! १९७९ साली तेहरानच्या अमेरिकन वकिलातीत यंत्राने फाडलेल्या कागदांच्या पट्ट्या इराणी लोकांनी पुढे चिकाटीने जुळवल्या आणि त्यांची पुस्तके छापली.

आपल्या गावात तो ट्रक कुठून यायचा? नाही आला तरी अडत नाही. आधी ट्रंकेतले कागद निवडा. सातबारा, आठ-अ, फेरफार, खरेदीखत आणि कर्ज फिटल्याचा दाखला यांना हात लावू नका. ते कितीही जुने असोत, जपून ठेवा. यापुढे झेरॉक्स देताना तिच्यावर कारण आणि तारीख लिहा. आधारचे फक्त शेवटचे ४ आकडे दिसतील अशीही प्रत निघते. चालत असेल तिथे तीच द्या. तरीही कोणी फसवून खात्यातले पैसे काढलेच, तर लगेच १९३० वर फोन करा.

उरलेल्या कागदांसाठी आजीची युक्ती आठवा. कागद भिजवून, मेथ्या घालून कुटायचे आणि त्या लगद्याच्या टोपल्या करायच्या. महिला मंडळाने एक दुपार ठरवावी. ज्याचे त्याने कागद घरीच बारीक फाडून दोन-तीन दिवस भिजत घालावेत आणि लगदा घेऊन यावे. टोपल्या विकून येतील त्या पैशांत शाळेतल्या गरजू मुलींच्या वह्या होतील. उखळ नसेल, तर पाटा-वरवंटाही चालतो.