मोटार धुराच्या तपासणीत नापास झाली तर?

काळी नदी जेथे उगम पावते त्या आमच्या दिग्गीत मोटारीच्या धुराचा विषय काढला, की लोक हसतात. एवढे मोठे रान, त्यात एका जीपच्या धुराने काय बिघडणार? गेल्या वैशाखात आमच्या चाचांची जुनी डिझेल जीप दांडेलीस धुराच्या तपासणीत नापास झाली, तेव्हा चाचांनी मला हाच प्रश्न केला. मी म्हणालो, ‘चाचा, धूर रानात जाण्याआधी जीपच्या मागे उभ्या असलेल्या पोराच्या नाकात जातो. नळीचे तोंड नेमके त्याच्याच उंचीला असते.’ चाचा गप्प बसले, पण त्यांची काळजी निराळी होती. मृग तोंडावर आला होता. पावसात आजारी माणसास जोयड्यास किंवा दांडेलीस न्यावयाचे झाले, तर वाडीतील लोक ह्याच जीपकडे धावतात.

तेव्हा प्रथम कायदा पाहू. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे नव्या गाडीस पहिले एक वर्ष दाखला लागत नाही. पुढे जुन्या गाड्यांस तो सहा महिन्यांचा आणि बीएस-४ व त्यानंतरच्या गाड्यांस एक वर्षाचा मिळतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर ह्या गुन्ह्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय तीन महिने परवान्यास मुकावे लागते. म्हणून मुदत संपण्याच्या दिवशी नव्हे, तर पंधरवडाभर आधी तपासणीस जावे. नापास झाल्यास दुरुस्तीस अवधी राहतो.

नापास झाल्याबरोबर लोक मेकॅनिककडे धावतात आणि तपासणीचा कागद खिशातच विसरतात. वास्तविक तो कागद म्हणजे रोग्याच्या रक्ताचा अहवाल होय. कंदिलाची वात वाजवीपेक्षा वर काढली की काच काळी होते, हे आपण लहानपणी पाहिले आहे. तेल जास्त आणि हवा कमी. इंजिनातही तेच घडते. पेट्रोल गाडीच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल, तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा हवा अडते आहे असे समजावे : एअर फिल्टर, कार्बोरेटर, नव्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर पाहावा. हायड्रोकार्बन जास्त असेल, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे. तेथे प्लग, त्यांच्या वायरी आणि इंजिनाचे कॉम्प्रेशन तपासावे. हे सर्व ठीक असूनही दोन्ही आकडे चढेच राहिले, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी झाला असावा. ही वस्तू महाग आहे. तिच्यावर खर्च सर्वांत शेवटी करावा.

डिझेलच्या गाडीत गिअर न घालता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून काही वेळा धुराची दाटी मोजतात. बीएस-४ पूर्वीच्या गाड्यांस हार्ट्रिज एककात ६५ आणि बीएस-४ गाड्यांस ५० ही मर्यादा आहे. आमच्या जीपने ७८ दाखवले. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, अर्थात चाचांचेच पैसे. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचा. रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजली असतील, व ते काम मोठे. गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर पाणी आत शिरत नाही ना हे पाहावे.

तपासणीच्या दारातच एका गृहस्थाने चाचांस बाजूला घेऊन, ‘चार पैसे जास्त द्या, कागद मिळेल’, असे सुचविले. मला राग आला, तो मी येथे लिहीत नाही. कागदाने नोजल साफ होत नाही, एवढेच चाचांस म्हणालो. पेट्रोलपंपावर मिळणाऱ्या औषधी बाटल्यांचेही तसेच. झिजलेला भाग त्यांनी भरून येत नाही.

आम्ही जीप मेकॅनिककडे नेली. एअर फिल्टर उघडताच आमच्या रस्त्याची तांबडी माती ओंजळभर निघाली. फिल्टर नवा घातला, ऑइल बदलले, नोजले यंत्रावर तपासून घेतली. त्यांतील दोन डिझेलचा फवारा न उडवता नुसती धार सोडीत होती. पंपाचा स्क्रू कुणीतरी ‘ओढ वाढावी’ म्हणून पिळला होता, तो पूर्ववत केला. पुन्हा तपासणीस जाताना इंजिन नीट तापू द्यावे; थंड इंजिन धूर जास्त सोडते, आणि कन्व्हर्टरही चांगला तापल्यावाचून काम करीत नाही.

नव्या बीएस-६ डिझेल गाड्या घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. त्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. आमच्या घाटवाटांवर हळूहळूच चालविल्यास ती तुंबते व दिवा लागतो. मग मोठ्या रस्त्यावर काही वेळ सलग वेगाने गाडी न्यावी, म्हणजे काजळी आतच जळून जाते. त्या वेळी नळी फार तापते. तेव्हा उन्हाळ्यात वाळक्या गवतावर गाडी उभी करू नये, रान पेटावयास वेळ लागत नाही.

दुसऱ्या खेपेस जीपचा आकडा ५१ आला. चाचांनी दाखला घडी करून खिशात ठेवला, आणि परतताना वाटेत थांबून नव्या फिल्टरवरची धूळ स्वतः झटकली.